नदीकाठच्या झाडांचे छापील चित्र

महाळुंगे हे नाव उच्चारले की म्हाळुंग आठवते. लिंबाच्या जातीचे, जाड आणि खरबरीत सालीचे मोठे फळ; कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते तेच. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले हे गाव आज मोटारींच्या आणि त्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते, पण नावात मात्र एक झाड बसले आहे. हा प्रकार एकट्या महाळुंग्याचा नाही. चिंचवड म्हणताना चिंच आणि वड दोन्ही तोंडात येतात. मावळात जांभूळ नावाचेच एक गाव आहे. चिखलीच्या नावात झाड नसेल, पण झाड ज्यात उगवते तो चिखल आहे. कामगारांच्या गाड्या सकाळी ज्या ज्या फाट्यांवर थांबतात, त्यांची नावे ओळीने वाचली तर वनस्पतिशास्त्राचा एक लहानसा धडा होईल, असे गमतीने म्हणता येईल.

आता याच गावातल्या खोल्यांच्या भिंती पाहा. कुठल्यातरी दुकानाने दिवाळीला दिलेले कॅलेंडर असते. त्यावर एक तळे असते, तळ्यात पांढरे हंस असतात आणि मागे बर्फाचे डोंगर. त्या तळ्याकाठची झाडे महाळुंग्यात कोणी पाहिलेली नाहीत, आणि महाळुंग्याजवळच्या पाण्याकाठची झाडे त्या कॅलेंडरवर नाहीत. दक्षिणेला थोड्या अंतरावर इंद्रायणी वाहते, पलीकडे देहू आहे. तिच्या काठाचे चित्र भिंतीवर लावायचे ठरवले तर ते कसे असावे, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

पाणथळ जागेतली झाडे आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारे पशुपक्षी एका मोठ्या कागदावर रंगवून छापण्याची पद्धत आता बरीच रूढ झाली आहे. आपल्याकडे हा मान अधिक करून समुद्रकाठाला मिळाला. टपाल खात्याने २००२ साली कांदळवनाच्या झाडांची चार तिकिटे काढली; तिकीट म्हणजे अगदी लहान आकाराचे छापील चित्रच की! त्यांपैकी एकावर चिप्पी होती. पुढे २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरवण्यात आले. घाटावरच्या नद्यांच्या काठाकडे त्या मानाने चित्रकाराची नजर कमीच वळली. आणि नवल असे की, अशा चित्राला लागणाऱ्या दोन्ही विद्या याच टापूत एकेकाळी नांदून गेल्या आहेत.

पहिली दापोडीला. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळ, आजच्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, इंग्रजी अमदानीत मुंबई सरकारची वनस्पतींची बाग होती. १८२८ साली गव्हर्नर माल्कम यांच्या वेळी ती सुरू झाली. पुढे तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे आला. हा गृहस्थ पेशाने शल्यवैद्य, ओढा सगळा झाडांकडे. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि १८६१ साली डाल्झेल याच्याबरोबर त्याने मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. डोंगरावरची झाडे तोडली की खालचे झरे आटतात, हे त्याने सरकारला १८४० च्या दशकातच लिहून कळवले होते. याच गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी वंशाचा होता, एवढेच आपल्याला कळते. झाडांची नावे नीट लिहिली गेली. ज्याने पान न् पान रंगवले त्याचे नाव कोणी टिपले नाही. बाग १८६५ मध्ये मोडली. चित्रे मात्र एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात सुखरूप राहिली, आणि तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ लिहून ती जगापुढे आणली. म्हणजे दापोडीची बाग पाहायची तर आज स्कॉटलंडला जावे लागते!

दुसरी विद्या मळवलीला होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तो १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला आला. म्हणजे इंद्रायणीच्याच खोऱ्यात. इथून निघालेल्या लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी गेल्या. १९७२ च्या आगीत हा छापखाना जळाला, पण त्यातून निघालेली चित्रे जुन्या वाड्यांच्या देवघरांत अजून सापडतात. या चित्रांतही पाणथळ आहे बरे! लक्ष्मी कमळावर उभी, भोवती पाणी, काठाला हत्ती. दमयंतीशी बोलणारा हंस तर सर्वांच्या डोळ्यांपुढे असेल. तो लांब बाकदार मानेचा पांढराशुभ्र हंस मात्र दख्खनच्या पाण्यावरचा नव्हे. आपल्याकडे हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतो तो पट्टकादंब. राखी अंगाचा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला. इंद्रायणीचे पाणी तुळापूरला भीमेला मिळते आणि पुढे उजनीच्या जलाशयात जाते, त्या जलाशयावर तो थव्याने दिसतो.

दापोडीच्या चित्रात झाड खरे होते, पण ते एकाच कागदावर राहिले. मळवलीच्या चित्राच्या हजारो प्रती निघाल्या, पण त्यातले तळे मनातले होते. नदीकाठच्या झाडांचे आजचे चित्र या दोघांची सांगड घालणारे हवे. दापोडीची नजर आणि मळवलीचा खप.

ही नजर कशावर ठेवायची? प्रथम मुळांवर. सामान्य चित्रकार झाडाचा शेंडा मोठ्या हौसेने रंगवतो आणि बुंधा गवतात लपवून मोकळा होतो. पाणथळीच्या झाडाची सगळी करामत तर खालीच असते. झाडाच्या मुळांनाही श्वास लागतो. सुपीक जमिनीत मातीच्या कणांमध्ये हवा खेळते, ती मुळे घेतात. जमीन पाण्याखाली गेली की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि चिखलात उरलासुरला प्राणवायू सूक्ष्म जंतू संपवून टाकतात. कुंडीत पाणी साचले की तुळस मरते, ती तहानेने नव्हे, गुदमरून. मग पाण्यात उभी राहणारी झाडे काय करतात? खाडीतली चिप्पी चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर काढते आणि ओहोटीच्या वेळी त्यांतून हवा आत घेते. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची एक दलदलीची राई आहे, तिला २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथली मुळे चिखलातून वर येऊन गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात. पाहणाऱ्याला वाटावे की झाड गुडघे मोडून बसले आहे.

इंद्रायणीच्या काठी असे गुडघे दिसणार नाहीत, कारण आपल्या नदीचा स्वभाव वेगळा. खाडीला दिवसातून दोनदा भरती. आपल्या नदीला वर्षातून एकदाच, पण ती अशी की आडवे येईल ते घेऊन जाईल. पावसाळ्याचे चार महिने लोंढा आणि पुढचे आठ महिने बारीक धार. इथल्या झाडाला श्वासाबरोबरच पकड सांभाळावी लागते. म्हणून काठावर कोणते झाड कोठे उभे राहील हे ठरलेले असते, आणि चित्रात ही उतरंड आली नाही तर बाकीचे सारे रंग फुकट गेले असे मी समजतो.

अगदी खाली, पात्रातल्या खडकांच्या भेगांत शेरणी असते. माणसाच्या उंचीचे झुडूप, पाने कण्हेरीसारखी निमुळती, फांद्या चिवट. पूर आला की ती पाण्याबरोबर आडवी होते, पूर ओसरला की पानांत गाळ आणि काटक्या घेऊन पुन्हा उभी राहते. तिच्या शेजारी ओल्या गाळात लव्हाळे. लव्हाळ्याचा दाखला देहूच्या आसपासच्या माणसाला समजावून सांगायला नको, तो त्याला कीर्तनातून ठाऊक आहे. संथ पाण्याच्या कडेला पाणकणीस, म्हणजे रामबाण. त्याच्या तपकिरी कणसांवर लहान पक्षी झुलतात.

त्याच्या वर वाळुंज. हे झाड आता पुष्कळांना ओळखता येत नाही, म्हणून त्याला चित्रात जागा मोठी द्यावी. काश्मीरच्या चित्रांत पाण्यावर झुकलेली जी झाडे दिसतात, त्यांचाच हा दख्खनी भाऊबंद. पाने लांबट, खालच्या बाजूने पांढुरकी. वारा आला की सगळे झाड चांदीसारखे चमकते. नर आणि मादी झाडे वेगवेगळी. बी कापसाच्या तंतूंत गुंडाळलेले, वाऱ्यावर उडून ओल्या वाळूत पडते आणि तिथेच रुजते. फोक इतके लवचीक की त्यांच्या टोपल्या विणतात. त्याची मुळे काठाची माती शिवून ठेवतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी वर करंज आणि जांभूळ. करंजाची शेंग पाण्यावर तरंगत जाते आणि पूर ओसरेल तिथे रुजते, म्हणून काठाने करंजाची रांग लागलेली दिसते. जांभळाखाली ज्येष्ठात जमीन जांभळी होते. त्याच्याही वर, जिथे पूर एखाद्याच वर्षी पोचतो, तिथे उंबर.

उंबराजवळ चित्रकाराने थांबावे. त्याचे फूल दिसत नाही म्हणून ते दुर्मीळाचे प्रतीक झाले. खरे तर फुले फळाच्या आतच असतात आणि एक इवलीशी माशी आत शिरून त्यांचे परागण करते. फळे थेट खोडावर लगडतात. तांबट, हरियाल, राखी धनेश, कोकीळ हे दिवसा येणारे पाहुणे, रात्री वटवाघळे. ही झाली झाडावरची पंगत. उंबर डोहावर झुकलेला असेल तर एक पंगत खाली पाण्यातही बसते. महाशीर मासा किडे आणि शेवाळ खातो, तशी पाण्यात पडलेली फळेही खातो. देहू-आळंदीच्या डोहांतल्या मोठ्या माशांना भाविक पूर्वीपासून खाऊ घालीत आले; त्यांचे जुने अन्नछत्र काठावरचे उंबर होते. लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणाजवळ महाशीरची पैदास सुरू झाली, त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. पिल्ले सोडता येतात; उंबर नसला तर त्यांच्या तोंडात फळ कोण टाकणार? चित्रात फांदीवरून निसटलेले एक फळ, पाण्यावर उठलेले वर्तुळ आणि खाली माशाची सावली, एवढे दाखवले तरी पानभर मजकुराचे काम होईल.

बाभूळ मात्र उंबराच्या रांगेत घालू नये. ती काळ्या मातीत, ओढ्याच्या आणि विहिरीच्या कडेला. पाण्यावर ओणवलेल्या तिच्या काटेरी फांद्यांना सुगरणीची घरटी लोंबतात, कारण तिथे चोराला पोचणे अवघड. घरटे नर विणतो, ही गोष्ट आमच्या भाषेने मान्य केलेली नाही आणि सगळे श्रेय सुगरणीला दिले आहे!

झाडांइतकीच महत्त्वाची एक जागा चित्रात रिकामी सोडावी लागते: मातीची उभी, उघडी दरड. धीवर आणि कवड्या खंड्या असल्या दरडीत आडवे बीळ खोदून अंडी घालतात. काठाला दगडी पिचिंग केले किंवा काँक्रीटची भिंत बांधली, की नदी नीटनेटकी दिसते आणि धीवराचे घर जाते. चित्रकाराला ही दरड कंटाळवाणी वाटेल, तिथे फुले काढण्याचा मोह होईल. त्याने दोन काळी भोके काढावीत.

आता एक शंका निघेल. करंज फुलतो चैत्र-वैशाखात, सुगरण विणते पावसात, धोबी येतो थंडीत. मग हे सारे एका कागदावर एकदम कसे? ही लबाडी नाही का? आहे, पण ती शास्त्रीय चित्रातही चालते. वनस्पतींच्या जुन्या चित्रांत एकाच फांदीशेजारी फूल, फळ आणि कापलेले बी मांडलेले असते. छायाचित्र एका क्षणाचे असते. रंगवलेले चित्र सबंध वर्षाचे असू शकते. प्रत्येकाखाली त्याचा महिना बारीक अक्षरांत द्यावा, म्हणजे कोणाची फसगत होत नाही. काळाची सरमिसळ चालेल, जागेची चालणार नाही. शेरणी टेकडीवर आणि उंबर खडकाच्या भेगेत काढला की चित्र खोटे पडले.

जागेचा हा आग्रह केवळ शास्त्रापुरता नाही. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोचेल ती लाल. नकाशावर या रेषा सामान्य माणसाला दिसत नाहीत, दिसल्या तरी कळत नाहीत. १७ मे २०२५ रोजी चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले, राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार, पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्याला ते नदीच्या अंगणात आहे हे सांगणारे कोणी नव्हते असे नाही. वाळुंज, लव्हाळे, शेरणी ही पिढ्यान्‌पिढ्या तेच सांगत असतात. त्यांची भाषा येईनाशी झाली, आणि बांधकामाआधी जमीन सपाट करताना ती झाडेही जातात. आपल्या चित्रात झाडांच्या उतरंडीवरून एक बारीक निळी आणि एक लाल रेघ ओढली, तर तलाठ्याच्या कचेरीतला नकाशा भिंतीवर वाचता येईल.

राहिली जलपर्णी. पाण्यावर हिरवागार गालिचा आणि वर जांभळट फुलांचे तुरे. चित्रकाराला याहून देखणे काय मिळणार? ही वनस्पती दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद खाऊन ती फोफावते. पाण्याचे तोंड झाकते, उजेड अडवते, आणि कुजली की खालचा प्राणवायू संपवते. इंद्रायणी आणि पवना दोन्ही नद्यांवर ती माजलेली आपण पाहतो. आळंदीला अलीकडच्या वर्षांत पाण्यावर पांढरा फेस दिसला, वारकऱ्यांनी त्यातच स्नान केले. तो साबणी आणि रासायनिक सांडपाण्याचा. काहींचे म्हणणे, शोभेच्या चित्रात ही घाण कशाला? मला ते पटत नाही. जलपर्णी वगळली तर मुलाला चित्रातली नदी आणि दारची नदी एक वाटणारच नाही. ती काढावी, पण कोपऱ्यात, आणि तिच्यावरून तुरुतुरु चालणारी जांभळी पाणकोंबडीही काढावी, कारण ती खरोखरच तिथे चालते. लांब लाल पायांचा शेकाट्याही गढूळ, घाणेरड्या पाण्यात सुखाने उभा असतो. पक्षी दिसले म्हणजे पाणी चांगले, ही समजूत त्याने खोटी ठरवली आहे. धीवर मात्र मासा दिसेल अशा पाण्यावरच बसेल. कोणता पक्षी कोणत्या पाण्याजवळ काढला आहे यावरून नदीची प्रकृती ओळखता येते, ती अशी.

छपाईविषयी दोन शब्द. मळवलीची शिळाछपाई तेल आणि पाण्याच्या वैरावर चालत असे. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. ओल्या जागेवर शाई बसत नाही, तेलकट रेषेवर बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आजच्या ऑफसेट यंत्रातही तत्त्व तेच आहे, दगडाऐवजी धातूचा पत्रा आला आणि निळा, किरमिजी, पिवळा व काळा एवढ्या चारच शाईंच्या ठिपक्यांतून सगळे रंग साधतात. खरी कसोटी हिरव्याची. करंजाची नवी पालवी तुकतुकीत आणि पोपटी, जांभळाचे पान गडद, उंबराचे मळकट, वाळुंजाचे रुपेरी. निष्काळजी छापखान्यात हे चारही हिरवे एकच होतात आणि चित्र पालकाच्या जुडीसारखे दिसते. पहिली प्रत हातात आली की ती ताज्या पानांशेजारी ठेवून पाहावी. चित्रकाराच्या मूळ कागदाशी ताडून भागत नाही.

नावे मराठीत, ठळक. महाळुंग्यात आज मराठवाड्यातले आहेत, विदर्भातले आहेत, उत्तरेकडून आलेलेही पुष्कळ आहेत. कोणी करंज्या म्हणेल, कोणी उंबराला गूलर म्हणेल. ती नावेही खाली लहान अक्षरांत यावीत. आणि चित्रकाराचे नाव स्वच्छ वाचता येईल असे छापावे. दापोडीच्या त्या अनाम माणसाचे एवढे देणे आपल्याकडे आहे. चित्र दिवाणखान्यापुरते न ठेवता कारखान्याच्या उपाहारगृहात, ग्रामपंचायतीत आणि शाळेत लावावे. शाळेत ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवे, आणि तळाशी एक कोरी पट्टी सोडलेली असावी. काठावरचा करंज यंदा कोणत्या दिवशी फुलला, धोबी पहिल्यांदा कधी दिसला, ते मुलांनी पाहून यावे आणि पेन्सिलीने त्या पट्टीवर तारीख लिहावी.